दोन सारख्या ओळी

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ताई पुण्याहून सकाळच्या एस. टी.नं आली होती. तबक मांडून झालं होतं. सुपारी, अंगठी, अक्षता, निरांजन सारं जिथल्या तिथं होतं. मी टोपी घालून पाटावर बसलो होतो, आणि नेमका भाचा जागेवर नव्हता. मामाला ओवाळताना भाच्यानं हजर असलंच पाहिजे असा काही शास्त्रार्थ नाही. पण ताईचा तसा आग्रह असतो, आणि ताईच्या आग्रहापुढं शास्त्रार्थाचं काही चालत नाही हे मी चाळीस वर्षं पाहत आलो आहे. तेव्हा टोपी तशीच ठेवून मी त्याला बोलवायला माडीवर गेलो.

चिरंजीव खिडकीशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते.

"अरे, खाली तुझी आई निरांजन लावून उभी आहे."

"आलोच मामा. एक पॅकेज मोडलंय. पोलंडमधून कुणाचं तरी पत्र आलंय, त्याच्या यंत्रावर ते बसतच नाही."

"सणासुदीला कंपनीचं काम?"

"कंपनीचं नाही. हे आमचं. डेबियनचं."

"पगार किती देतात त्याचा?"

"काही नाही."

"म्हणजे प्रोग्रॅम तू लिहायचास आणि तोही फुकट—"

"मी नाही लिहिलेला, मामा. लिहिणारा जर्मनीत असतो. मी नुसता सांभाळतो."

सांभाळतो! हा शब्द मला मोठा गमतीचा वाटला. आपल्याकडे गुरं सांभाळतात, नातवंडं सांभाळतात, देवळाच्या किल्ल्या सांभाळतात. पण एकानं लिहिलेली चीज दुसऱ्यानं सांभाळायची, म्हणजे करायचं तरी काय? मी तिथंच बसकण मारली. खाली निरांजन विझलं, ते पुन्हा लावावं लागलं, आणि त्याबद्दल आम्हां मामाभाच्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं सांगण्याचं कारण नाही.

वाचकहो, पुढं जाण्यापूर्वी माझी पात्रता सांगून टाकलेली बरी. मी मॅट्रिक, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. गेली बावीस वर्षं मुलांना स्थिरचित्र आणि संकल्पचित्र शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. संगणकाशी माझा संबंध एवढाच, की भाच्याचा एक जुना लॅपटॉप माझ्या टेबलावर येऊन पडला आहे आणि शेवटची कादंबरी मी त्याच्यावर लिहिली. त्यात विंडोज नाही, डेबियन आहे. माझ्या पात्रांच्या बोलीतल्या शब्दांखाली ते यंत्र लाल नागमोडी रेघा ओढतं. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. यापलीकडे आमची एकमेकांविरुद्ध तक्रार नाही.

तर हे डेबियन म्हणजे काय, ते मला त्या दिवशी जेवताना कळलं. १९९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक नावाच्या वीस वर्षांच्या मुलानं ते सुरू केलं. त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा. डेब आणि इयन मिळून डेबियन! जगभरातले लोक आपले प्रोग्रॅम लिहून सर्वांसाठी मोकळे ठेवतात: कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा. पण हे हजारो लोक हजार तऱ्हांनी लिहिणारे. एकाचं दुसऱ्याशी जुळेल याची हमी नाही. म्हणून डेबियनवाले एकेक प्रोग्रॅम घेतात, तपासतात, इतरांशी जुळवतात, गाठोडं बांधतात आणि मग तुमच्याआमच्या यंत्रात पाठवतात. त्या गाठोड्याला म्हणायचं पॅकेज, आणि गाठोडं ज्याच्या अंगावर तो त्याचा मेंटेनर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांची तेरावी आवृत्ती निघाली, तिच्यात ६९,००० हून अधिक गाठोडी आहेत. आवृत्त्यांना १९९५ साली सुरू झालेल्या 'टॉय स्टोरी' चित्रपटमालिकेतल्या पात्रांची नावं देतात; तेरावीचं नाव ट्रिक्सी. आणि जी आवृत्ती कायम कच्ची असते, रोज बदलते, तिचं नाव सिड. पहिल्या चित्रपटात शेजारचा जो पोरगा सारखी खेळणी मोडत असतो, तो हा. या लोकांना विनोदबुद्धी आहे म्हणायची!

"मग या सांभाळण्यात तू दिवसभर करतोस काय?" मी विचारलं.

तो सांगत गेला आणि माझी करमणूक वाढत गेली. मूळ लेखकानं नवी आवृत्ती काढली की ती उतरवून घ्यायची. तिच्यातल्या प्रत्येक फायलीचा परवाना वाचून कुणाचा हक्क कशावर आहे ते नोंदवायचं. या पॅकेजला आणखी कोणती पॅकेजं लागतात ती यादी ठेवायची. बदलांची रोजनिशी लिहायची. आणि पत्रं! लोकांची तक्रारपत्रं वाचायची, कुणाची तक्रार खरी नि कुणाची स्वतःच्याच घोळातून आलेली हे ओळखायचं, खरी असेल ती मूळ लेखकाला समजेल अशा भाषेत कळवायची, आणि लेखक रुसला तर त्याची समजूत घालायची.

"गेल्या वर्षभरात दोनशे पत्रं लिहिली असतील मी," तो म्हणाला, "प्रोग्रॅमच्या ओळी वीससुद्धा नसतील."

आता हे ऐकून माझ्यासारख्या माणसाला चेव चढला नसता तरच नवल. हे तर अगदी आमचंच काम! दिवाळी अंकाच्या संपादकाचं, मुद्रितशोधकाचं, फार तर शाळेतल्या कारकुनाचं. मी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली आणि जाहीर केलं, की याला प्रोग्रॅमिंग यायची काहीएक आवश्यकता नाही. संपादकाला कथा लिहिता यावी लागते का? आमच्या वाईत विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे न्यायशास्त्र शिकलेले गृहस्थ; त्यांच्या संपादकत्वाखाली भौतिकीच्या आणि वैद्यकाच्या नोंदी छापल्या गेल्याच की नाही?

"गेल्या," भाचा म्हणाला, "पण त्या त्या विषयाचे जाणकार शेजारी बसलेले होते ना, मामा? माझ्या शेजारी कोण बसलंय?"

त्याच्या शेजारी त्या वेळी त्याची सहा महिन्यांची मुलगी वरणभाताची बोटं चाटत बसली होती.

तरी त्यानं माझी बाजू अगदीच उडवून लावली नाही. हा वाद त्यांच्यातही आहे म्हणाला. पूर्वी डेबियनचं सभासद व्हायचं तर पॅकेज बांधता आलं पाहिजे असा सरसकट समज होता. पण भाषांतरं करणारे, माहितीपुस्तिका लिहिणारे, चित्रं काढणारे लोकही वर्षानुवर्षं राबत होते. अखेर २०१० मध्ये मतदान झालं आणि पॅकेज न सांभाळणाऱ्यांनाही सभासद म्हणून घ्यायचं ठरलं. डेबियन यंत्रात बसवायला घेतलं की सुरुवातीला भाषांची यादी येते, तिच्यात मराठी आहे. ती आपोआप उगवली नाही. कुणीतरी वाक्य न् वाक्य मराठीत आणलं म्हणून आहे.

"पण सभासद होणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मजकुरावर हात चालवणं वेगळं," तो म्हणाला, आणि त्यानं मला २००६ सालची गोष्ट सांगितली.

ती जमेल तितकी सोपी करून सांगतो. दूरच्या यंत्रात शिरायचं तर गुप्त किल्ली लागते. ही किल्ली आकड्यांची असते, आणि ती कुणालाही ओळखता येऊ नये म्हणून ते आकडे फासे टाकल्यासारखे अनपेक्षित निघावे लागतात. फासे टाकण्यापूर्वी आपण मूठ खुळखुळवतो ना, तसं खुळखुळवण्याचं काम ओपन-एस-एस-एल नावाच्या प्रोग्रॅममध्ये होतं. तिथं दोन ठिकाणी एक ओळ होती. अक्षर न् अक्षर तीच ओळ, दोनदा. आता प्रोग्रॅम तपासणारेही प्रोग्रॅम असतात; मुद्रितशोधकच म्हणा. तसल्या एका तपासनिसानं कुरकुर केली, की इथं काहीही न भरलेली जागा वाचली जाते आहे. डेबियनच्या मेंटेनरनं ती कुरकुर पाहिली. त्यानं घाईनं हात चालवला असंही नाही. मूळ लेखकांच्या मंडळीत त्यानं विचारलं, या दोन ओळी काढल्या तर चालतील का? उत्तर आलं ते हरकत नसल्याच्या अर्थाचं. त्यानं दोन्ही ओळी काढल्या.

त्यांतली एक ओळ खरोखरच गेली तरी बिघडणार नव्हतं. दुसरी मात्र साऱ्या खुळखुळण्याचा प्राण होती. तीच फाशांत अनपेक्षितपणा भरत असे. ती गेल्यावर मुठीत उरला फक्त एक आकडा: यंत्र चालू असलेल्या प्रत्येक कामाला जो क्रमांक देतं तो. तो तेव्हा साधारणपणे ३२,७६८ च्या वर जात नसे. म्हणजे एका जातीच्या यंत्रावर, एका मापाच्या किल्ल्या करायला बसलात, तर जगात जास्तीत जास्त तेवढ्याच निरनिराळ्या किल्ल्या निघणार! चोरानं एका दुपारी सगळ्या लावून पाहाव्यात. सप्टेंबर २००६ पासून डेबियननं आणि त्याच्यावर बेतलेल्या उबुंटूसारख्या इतरांनी अशा किल्ल्या केल्या. कुलपं लागत होती, उघडत होती, कुणाला काही जाणवलं नाही. अर्जेंटिनाच्या लुसियानो बेलो नावाच्या डेबियनच्याच माणसाला ती चूक सापडली आणि १३ मे २००८ रोजी ती जाहीर झाली.

"म्हणजे त्या मेंटेनरला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं," मी म्हणालो.

"येत होतं, मामा. चांगलं येत होतं."

मी गप्प झालो. ताईला वाटलं, जेवण जड झालं असावं. पण मला आमच्या शाळेचं वार्षिक आठवलं होतं.

ही गोष्ट मी घरी कुणाला सांगितली नव्हती. त्या रात्री माडीवर भाच्याला सांगितली, आणि आता तुम्हांला सांगतो.

सहासात वर्षांपूर्वी शाळेच्या वार्षिक अंकाचं काम माझ्याकडे होतं. लेखक म्हणून थोडं नाव, शुद्धलेखनात पक्का, तेव्हा ते माझ्याकडेच यायचं. आमच्या शाळेत धोम धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतून मुलं येतात. तिकडचे बाप बहुतेक मुंबईला, माथाडी कामाला. सातवीतल्या एका मुलीनं 'माझं घर' म्हणून अर्ध्या पानाचा मजकूर दिला होता. त्यात ही वाक्यं होती:

आबा मुंबईला गेले. आम्ही भात लावलं. आबा मुंबईला गेले. आता त्यांचा फोन येत नाही.

मी तांबडी पेन्सिल घेऊन बसलो होतो. आबा मुंबईला गेले, हे दोनदा आलेलं. अक्षरजुळणी करणाऱ्याची नजर चुकली की एक ओळ दोनदा पडते, हे आम्हां लोकांना इतकं सवयीचं असतं, की डोळ्याआधी पेन्सिलच जाते. तरी मी विचारलं, बरं का! चहाच्या सुट्टीत तिच्या वर्गशिक्षकांना म्हणालो, "तुमच्या वर्गातल्या पोरीच्या लेखात एक वाक्य दोनदा आलंय. एक काढू का?" ते वह्या तपासत होते. वर न पाहता म्हणाले, "काढा की." मी दुसरं वाक्य काढलं.

अंक निघाला, मुलं घरी घेऊन गेली. आठवड्याभरानं ती मुलगी आणि तिची आई शाळेत आल्या. आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत तो अंक होता. तिनं ते पान उघडून माझ्यासमोर धरलं. तिला स्वतःला वाचता येत होतं की नाही कोण जाणे, पण बोट नेमकं त्या ओळीवर होतं.

"सर," ती म्हणाली, "त्येंचा फोन यायचा. रोज राती यायचा."

मला काही उलगडेना. मग मुलीनं सांगितलं. आबा पहिल्यांदा गेले ते पावसाआधी. भातलावणीला चार दिवस रजा काढून आले. आम्ही भात लावलं, त्यातल्या आम्हीत आबा होते. मग ते पुन्हा मुंबईला गेले, आणि सप्टेंबरात तिकडं अपघातात वारले. ते दुसरं वाक्य.

मी ते काढल्यावर काय उरलं ते तुम्हीच पुन्हा वाचून पाहा. बाप मुंबईला गेला, मायलेकींनी एकट्यानं भात लावलं, आता तो फोनही करत नाही. सगळ्या वाडीनं ते छापील अक्षरांत वाचलं. परगावचे सोयरे, ज्यांना तो गेल्याचं ठाऊक नव्हतं, तेही विचारू लागले. "लोक इचारत्यात, टाकून गेल्ता का म्हणून," ती बाई म्हणाली. रागावून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी शुद्धिपत्रक छापलं. चार बोटांची पट्टी, मी स्वतः खळ लावून चिकटवत बसलो. पण तीनशे प्रतींपैकी शाळेत उरल्या होत्या चाळीस. बाकीच्या घरोघर गेल्या होत्या, आणि तिथं काय वाचायचं ते वाचून झालं होतं. भाचा म्हणाला, डेबियनचंही तसंच झालं. दुरुस्त पॅकेज निघालं, पण आधी होऊन गेलेल्या किल्ल्या त्यानं बदलत नव्हत्या. ज्याच्या त्यानं त्या मोडून नव्या करायच्या होत्या. म्हणून त्यांनी त्या साऱ्या फसव्या किल्ल्यांची एक मोठी यादीच केली आणि प्रोग्रॅमसोबत वाटली: यांतली किल्ली दिसली तर दार उघडू नका. त्यांची पट्टी माझ्या पट्टीपेक्षा जास्त घरांत पोचली, एवढाच फरक.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या शाळेच्या शिपाईबुवांच्या हाती तो मजकूर पडला असता, तर त्यांनी ती ओळ काढली नसती. दोनदा लिहिलंय म्हणजे पोरीला काहीतरी म्हणायचं असेल, एवढं समजून ते पुढं गेले असते. माझा हात गेला तो मला येत होतं म्हणून. तेव्हा सांभाळणाऱ्याला विद्या नको, असं म्हणावं? तेही मनाला पटत नाही. शिपाईबुवांनी खरीखुरी दुबार ओळही तशीच राहू दिली असती, आणि खऱ्या चुकाही. माझं आताचं मत असं, की दुसऱ्याचा मजकूर सांभाळणाऱ्याला तसा मजकूर लिहिता आला नाही तरी चालेल, पण तो वाचता आला पाहिजे. आणि ज्या ओळीपाशी आपलं वाचन संपतं ती ओळ त्याला ओळखता आली पाहिजे. मेंटेनरला प्रोग्रॅमिंग किती यावं, तर एवढं. भाचा म्हणाला, "मामा, हे 'एवढं' शिकायला मला नऊ वर्षं लागली." त्यालाच ठाऊक.

मला वाटलं, आता हा झोपेल. पण तो कठड्याला टेकून तसाच उभा राहिला. खाली गणपती घाटाच्या बाजूला कुणीतरी उरलेले फटाके संपवत होतं.

"तुम्हांला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "मी दमलोय."

नोकरी, सहा महिन्यांची मुलगी, आणि रात्री अकरानंतर ही पॅकेजं. गेलं वर्षभर एक माणूस त्याला पत्रं लिहीत होता. प्रत्यक्ष कधी भेट नाही. मोठा हुशार. चुका शोधायचा आणि दुरुस्त्याही स्वच्छ लिहून पाठवायचा. आता त्याचं म्हणणं होतं, की एवढं दमतोस तर पॅकेज माझ्याकडे दे.

"मग दे की," मी म्हणालो. "विद्या आहे, हौस आहे."

तेव्हा त्यानं मला तिसरी गोष्ट सांगितली. फायली दाबून लहान करणारा एक्स-झेड नावाचा प्रोग्रॅम आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रात असतो. तो फिनलंडचे लासे कोलिन नावाचे एकच गृहस्थ कित्येक वर्षं सांभाळत होते. २०२२ मध्ये त्यांच्यावर पत्रांचा मारा सुरू झाला, की तुम्ही फार सावकाश काम करता, दुसऱ्या कुणाला तरी हाती द्या. लिहिणारी नावं आधी कुणी ऐकलेली नव्हती. त्यांतलं एक तर जिगर कुमार, म्हणजे आपल्याकडचं वाटावं असं! कोलिन यांनी उत्तर दिलं, की माझी प्रकृती बरी नसते आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे. जिया टॅन नावाचा एक तत्पर मदतनीस आधीपासून हजर होताच. त्याचं काम उत्तम असे. हळूहळू कारभार त्याच्या हाती आला. आणि फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्यानं चोरदरवाजा बसवला. तोही कसा? प्रोग्रॅमच्या उघड्या ओळींत नव्हे, तर तपासणीसाठी म्हणून ठेवलेल्या, माणसाला वाचता न येणाऱ्या फायलींत दडवून. तो उघडणारी चिमुकली ओळ फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. गठ्ठे घेणाऱ्या मेंटेनरांनी ते विश्वासानं घेतले. डेबियनच्या सिडमध्ये तो पोचलासुद्धा!

पकडला कसा, ते तर मी माझ्या कादंबरीत लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. अँड्रेस फ्रॉइंड नावाचा एक प्रोग्रॅमर भलत्याच कामासाठी आपल्या यंत्राचा वेग मोजत होता. दूरच्या दारातून आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असं त्याला दिसलं. तेवढ्या अर्ध्या सेकंदाचा तो पिच्छा पुरवत गेला. २९ मार्च २०२४, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यानं सारं जगासमोर मांडलं. तोवर पक्क्या आवृत्तीत तो माल गेला नव्हता, हे दैव. जिया टॅन म्हणजे कोण, एक माणूस की दहा, हे अजून बाहेर आलेलं नाही.

"प्रोग्रॅमिंग त्याला उत्तमच येत होतं," भाचा म्हणाला.

"तुझा माणूस तसाच असेल असं नाही."

"नाहीच म्हणत मी. बहुधा भला माणूस असेल. आणि आमच्याकडे एकदम किल्ली देतही नाहीत. सभासद होताना जुन्या सभासदाला साधारणपणे प्रत्यक्ष भेटून ओळख पटवावी लागते. तोवर त्याचं काम कुणीतरी सभासदानं तपासूनच वर चढवायचं. म्हणजे मीच." तो जरा थांबला. "आणि मी तपासणार नाही, मामा. मी दमलोय. नुसता वर चढवत राहीन. मला माझं माहीत आहे."

अशा वेळी वडीलधाऱ्यानं काही तरी शहाणपणाचं बोलावं अशी अपेक्षा असते. मी विचारलं, "तुमच्यात सोडून देता येत नाही का? उघडपणे?"

येतं म्हणाला. आणि त्यांचे शब्द ऐकून मी चकित झालो. ज्या पॅकेजला सांभाळणारा नाही त्याला ते अनाथ म्हणतात. सोडू इच्छिणारा, सोडण्याआधी, दत्तक घेणारा हवा अशी जाहीर नोंद करू शकतो. नुसता मदतनीस हवा असेल तर तीही नोंद आहे. सगळ्यांना दिसेल अशा यादीत, आपल्या नावानिशी.

"मग अजून केली का नाहीस?"

"लाज वाटते," तो म्हणाला.

या उत्तरावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं. शुद्धिपत्रकाच्या पट्ट्या मी शाळा सुटल्यावर, शिपाईबुवा गेल्यावर चिकटवत होतो.

पण त्यानं ती नोंद केली. पुण्याला जाऊन दुसऱ्याच दिवशी केली, असं ताईकडून कळलं. पौषात दोघांची पत्रं आली. एक तरुण केरळातला. त्यांची जागतिक परिषद २०२३ मध्ये कोचीला भरली होती, तिथं भाचा त्याला समक्ष भेटलेला होता. दुसऱ्या एक युरोपातल्या बाई, व्यवसायानं भाषांतरकार. त्या आता सगळी तक्रारपत्रं पाहतात.

"त्यांना प्रोग्रॅमिंग येतं?" मी फोनवर विचारलं.

"नाही. पण त्या प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचतात. मी वाचत नव्हतो."

त्या हुशार माणसाला भाच्यानं सविस्तर उत्तर लिहिलं, की पॅकेज असं एकट्याला देता येत नाही, तुम्हीही यांच्यासोबत या. त्याचं पुन्हा पत्र आलं नाही. त्यावरून काहीच ठरत नाही. कदाचित खरोखर सज्जन असेल आणि बिचाऱ्याला अपमान वाटला असेल. भाच्याला ही गोष्ट अजून टोचते.

परवा, श्रावणात, रात्री उशिरा त्याचा फोन आला. मी कादंबरीच्या नवव्या प्रकरणात अडकलो होतो, बरंच झालं.

"मामा, एका ओळीखाली तपासणीचा प्रोग्रॅम कुरकुरतोय. काढून पाहिली. काही बिघडत नाही."

"लेखकाला विचारलंस?"

"विचारलं. तो म्हणतो, काढा."

"त्याला पान दाखवलंस, की नुसतं विचारलंस?"

पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मागं त्याची मुलगी झोपेतून उठून रडत होती.

"दाखवतो," तो म्हणाला.